उगवण ब्याण्णव टक्के

"चौघं आणून ठेवले अन् एकटाच राबून राह्यला. बाकीचे तिघं काय जावई हायेत का?"

अण्णासाहेबांनी पडद्यावर बोट आपटलं. नव्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला चार कोर होते, एकाच वेळी वेगवेगळं काम करू शकणारे चार मेंदूच. एकाचा आलेख उड्या मारत होता, बाकीचे तीन निवांत आडवे. जालन्यात बियाण्यांची कंपनी चालवणाऱ्या या माणसाला कामाच्या वेळी कोणी आडवं पडलेलं खपत नसे, मग तो कोर का असेना.

प्रोग्रामर सत्यशीलाने आठवडाभरात काम चौघांत वाटून दिलं. भिजवलेल्या बाजरीच्या ट्रेचे फोटो घ्यायचे, प्रोग्रामने न उगवलेले दाणे मोजायचे आणि त्यावरून उगवण काढायची. पूर्वी अख्खा दिवस जायचा. आता दोन तासांत नव्या लॉटची उगवण आली, अठ्ठ्याऐंशी टक्के. अण्णासाहेबांनी ऑफिसात पेढे वाटले.

तिने खात्रीसाठी तोच लॉट पुन्हा मोजला. ब्याण्णव. पुन्हा मोजला. एक्क्याऐंशी. अण्णासाहेबांनी तिन्ही कागद बारकाईने पाहिले आणि ब्याण्णवचा उचलला.

"हा बराबर वाटतो. पिशव्यांवर हाच छापा."

मंठ्याजवळ सत्यशीलाचे वडील दरसाल याच कंपनीची बाजरी पेरत. आपली पोरगी तिथे आहे म्हटल्यावर पिशवीवरचा आकडा ते डोळे झाकून मानत. तिने छपाई दोन दिवस अडवून धरली आणि चूक शोधून काढली. चारही कोर एकाच आकड्यात भर घालत होते. दोघांनी एकदम हात घातला की एकाची भर पुसली जायची. मेलेले दाणे हिशेबातून गायब, आणि उगवण मस्त वाढलेली! तिने प्रत्येक कोरला आपापलं वेगळं मोजायला लावलं आणि बेरीज शेवटी एकदाच केली. उपाय इतका सोपा होता की तिला स्वतःचाच राग आला.

नवा प्रोग्राम तिने दहा वेळा चालवला. वेळ तेवढाच, दोन तास. दहाही वेळा एकसष्ट. लॉट पास व्हायला पंचाहत्तर लागत.

"चांगला चालता प्रोग्राम बिघडवून ठेवला की मॅडम तुम्ही!" अण्णासाहेब कळवळले.

"बिघडलेला तो होता, अण्णासाहेब. हा खरं सांगतो."

"ह्याला इचारलं कुणी? तो निदान निवडू तरी देत होता. जल्दी जुना चालू करा अन् ब्याण्णव छापा."

सत्यशीलाने कीबोर्ड पुढे ओढला. "मग हा नवा ठेवायचा तरी कशाला? पुसूनच टाकते."

"न्हाई, न्हाई!" अण्णासाहेबांनी दचकून तिचा हात अडवला. "बिलकुल पुसू नका. आमच्या घरच्या रानात पेरायचं बी ह्याच्यावरच मोजायचं."