नावं न घेणारा वॉर्ड

सहीचा कागद धाकूने उशीखाली सारला आणि सहा नंबरच्या रिकाम्या खाटेवर अंग टाकलं. दुखऱ्या ढोपराने दोन महिने घरात कुणाला झोप दिली नव्हती. ऑपरेशन ठरलं होतं. पण ही माणसं भरवशाची आहेत की नाहीत, ते कळल्याशिवाय तो सही देणार नव्हता.

"सहा नंबर?" गौरवी सिस्टरने विचारलं.

"व्हय बाय."

तिने दंडात सुई टोचली. "भियेव नकात बाबा, जरा सुस्ती येतली."

आली. वरचा पंखा पाण्यात फिरावा तसा संथ झाला. खिडकीतली काजूची झाडं एक पाऊल पुढे आली आणि वाकून आत बघू लागली.

आठ वाजता मोठी सिस्टर कमलाक्षी वॉर्डाच्या मधोमध उभी राहिली. मागे सगळा स्टाफ हात जोडून. पूर्वी चुका कळवायला छापील फॉर्म होते. अंगाशी येईल म्हणून कुणी भरत नसे. मग कमलाक्षीने देवळात घालतात तसं रोज सकाळी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. अट एकच, नाव कुणाचंच घ्यायचं नाही. तेव्हापासून वॉर्डात खाटांचे नंबर तेवढे उरले आणि चुका भरभरून येऊ लागल्या.

"बा देवा म्हाराजा, काल तीन नंबराच्यो गोळ्यो आठ नंबराक गेल्यो..."

"व्हय म्हाराजा."

"आठ नंबराक त्यो मानवल्यो. आज परत मागता..."

"व्हय म्हाराजा."

"तर हेच्या फुडे कायव करताना खाटेचो नंबर दोनदा विचारूची बुद्धी दी..."

"व्हय म्हाराजा."

धाकू पिसासारखा हलका झाला होता. त्याच्या गावच्या, लाटंबार्शाच्या दुकानदाराने तीस वर्षांत एक चूक कबूल केली नव्हती. इथे माणसं ओळीने कबूल करत होती, वर शहाणीही होत होती. अशांच्या हाती ढोपर द्यायला हरकत नाही. त्याने कागद काढून सही केली. सही डुलत डुलत कागदाबाहेर गेली आणि चादरीवर संपली.

सुदेश अटेंडंटने स्ट्रेचर आणला.

"सहा नंबर?"

"व्हय."

"सहा नंबर ना?"

"व्हय रे बाबा."

स्ट्रेचर होडीसारखा निघाला. बाकीच्या खाटा काठाला राहिल्या. दाराशी धाकूची बायको रुक्मिणी एक्स-रेचं पाकीट घेऊन, भिंत धरत धरत येत होती.

"ह्यांका खंय नेतास?" तिने सुदेशला विचारलं. "ऑपरेशन माझा आसा."