तोंडावरचं फडकं

“फडकं काढ,” हरिचंद मुकादम म्हणाला. सुमनबाईनं निमूटपणे मानेमागची गाठ सोडली. पुढच्याच श्वासाला तिला असा खोकला लागला की ती मशीनची कड धरून वाकली.

शेजारच्या मशीनवर द्वारकाबाई होती. तिनं ते पाहिलं आणि आपल्या तोंडावरचं फडकं आणखी घट्ट बांधलं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. हिंगोलीच्या त्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, आसपासच्या गावांचा कापूस गाड्या भरभरून येत होता. बायका रांगेनं उभ्या राहून मशीनच्या रुळांत कापूस सारायच्या. रुई पुढं पडायची, सरकी खाली गळायची आणि रुईचं बारीक तूस हवेत तरंगत राहायचं. ते नाकात जायचं, घशात बसायचं. सुमनबाईचा घसा दिवाळीपासून बसला होता, तो उघडलाच नव्हता. घरी पाळण्यातलं लेकरू तिचा आवाज ओळखीना; हसायचं सोडून नुसतं टकामका बघायचं. हे तिनं द्वारकाबाईला कुजबुजत सांगितलं होतं. कुजबुजण्यापलीकडं तिला आता बोलता येतच नव्हतं.

द्वारकाबाईनं तोंडाला पदर बांधायची टूम काढली, तेव्हा मुकादम म्हणाला, पदर रुळात अडकेल, हात जाईल. त्याचं म्हणणं बराबर होतं. म्हणून तिनं जुनं लुगडं फाडून सगळ्याजणींना वेगळी फडकी करून दिली. मागं गाठ मारायची, लोंबतं टोक ठेवायचं नाही. तरी मुकादमाचं एकच पालुपद: फडकं काढ. आता त्याच्याजवळ कारण उरलं नव्हतं, आणि बिनकारणाचा हुकूम बायकांना जास्त झोंबला.

तसाही तो त्यांना आवडत नव्हता. मागून हाक मारली तर वळून बघायचा नाही, एवढी मिजास. आणि समोर आला की त्याची नजर बाईच्या तोंडावरून हलायची नाही. याला आमची तोंडं बघायलाच उघडी पाहिजेत, असं एकजण म्हणून गेली, आणि ते सगळ्यांच्याच मनात घर करून बसलं.

दुपारी इंजिन थांबलं. लिंबाच्या सावलीत बायकांनी भाकरी सोडल्या. द्वारकाबाई तेवढी उठली. सुमनबाईनं तिचा हात धरला. काम जाईल, हे भय तिच्या डोळ्यांत दिसत होतं. द्वारकाबाईनं हात सोडवून घेतला. काम गेलं तर जवळा बाजार गावी दुसरं जिन होतं. घसा गेला तर दुसरा घसा कुठं मिळणार होता?

मुकादम कापसाच्या ढिगाकडं तोंड करून एकटाच उभा होता. तिनं मागून हाक मारली. पुन्हा मारली. तो हलला नाही. लिंबाखाली बायका फणकारल्या. मग ती वळसा घालून थेट त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि फडक्याआडूनच खणखणीत आवाजात तिनं सगळं सांगून टाकलं. सुमनचा घसा गेलाय. उद्यापासून एकही बाई फडक्याबिगर मशीनला हात लावणार नाही. मंजूर नसेल तर शेठला बोलवा.

मुकादम तिच्या फडक्याकडं बघत राहिला. आधी फडकं काढ आणि मग बोल, म्हणाला.

द्वारकाबाईनं मान हलवून नाही म्हटलं आणि जागची हलली नाही.

मुकादमानं एकवार लिंबाकडं पाहिलं. मग त्याचे खांदे खाली आले.

“तू तोंड झाकलं की मला ऐकू येत न्हाई, बाई. मी व्हट बघून ऐकतो.”

द्वारकाबाईला आधी वाटलं, हा नवा बहाणा. पण इंजिन बंद होतं. कुंपणावर चिमण्या चिवचिवत होत्या, रस्त्यावरच्या बैलांची घुंगरं इथवर येत होती. एवढ्या शांततेत ती त्याच्या पाठीमागून ओरडली होती, तरी तो वळला नव्हता.

तो सांगत गेला. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो याच इंजिनाच्या आवाजात उभा होता. पहिल्यांदा कानात शिट्टी वाजायला लागली. मग पाखरं गेली, मग घरच्यांच्या हाका गेल्या. शेठला कळलं तर आजच फाटकाबाहेर काढील.

“तुमच्याबी कानात शिट्टी वाजती का?” त्यानं विचारलं.

द्वारकाबाई चपापली. अंथरुणाला पाठ टेकली की वाजायची. ती थकव्यामुळं असेल असं तिनं धरलं होतं. तिनं मानेनं होकार दिला, तसा मुकादम घाईनं बोलायला लागला. रुईला मेण चोळून बोळे करा, कानात घट्ट बसवा, एक दिवस चुकवू नका. गेलेलं परत येत न्हाई.

द्वारकाबाईनं फडकं हनुवटीखाली ओढलं. लिंबाकडं पाठ करून, जराही आवाज न काढता, नुसते ओठ हलवून ती म्हणाली, “कुणाला सांगणार न्हाई.”

मुकादमानं मान डोलवली. त्याला ते स्वच्छ ऐकू आलं होतं. मग त्यानं हातानंच खूण केली, फडकं बांध.

फडकं पुन्हा बांधत ती लिंबाखाली आली. बायकांनी तिला घेरलं. काय म्हणाला, काम गेलं का, असं सगळ्याच एकदम विचारू लागल्या.

“मुकादम म्हणतात, फडकी बांधा अन् कानात बोळेबी घाला,” द्वारकाबाई म्हणाली. “अन् इथून पुढं त्यांच्याशी हातानं बोलायचं. इंजिनाच्या आवाजात आपल्यातल्या कुणाला ऐकू येऊन राहिलंय?”