निळ्या अक्षरांतली बडबड

सेव्हचं बटण दाबलं आणि आकडेबाईंच्या ध्यानात आलं. फाइलचं नाव बदलायचं राहिलं होतं.

रुग्णालयातल्या नर्स त्यांना आकडेबाई म्हणत, कारण कुठल्याही विभागाचे आकडे शेवटी त्यांच्याच टेबलावर येत. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांच्या घरी नर्सनी जायचं, वजन करायचं, आईला धीर द्यायचा. याचा काही उपयोग होतो का, हे तपासणारा प्रोग्राम त्यांनी जीव ओतून लिहिला होता. आज शाळकरी मुलांच्या चष्म्यांचं नवं काम आलं. नवा प्रोग्राम कोऱ्या पानावर कोण लिहितो? जुना उघडायचा, नको ते पुसायचं, हवं ते घालायचं, ही त्यांची नेहमीची पद्धत. त्यांनी बाळांचा प्रोग्राम उघडला, पुसला, चष्मे घातले आणि त्याच नावाने ठेवून दिला. बाळांचा प्रोग्राम गेला.

दुपारी समितीची बैठक होती. घरभेटींनी फरक पडत नाही, असा निकाल आधीच आला होता आणि भेटी बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. बालविभागाचे डॉक्टर खट्टू झाले होते, पण आकड्यांशी भांडणाऱ्यांतले ते नव्हते. मुलगे आणि मुली वेगळे दाखवणारा एक शेवटचा तक्ता तेवढा त्यांनी मागितला होता. आता तो कुठून आणायचा?

आकडेबाईंनी खालच्या मजल्यावर फोन लावला. तिथे संगणक विभागात त्यांची धाकटी नणंद होती.

“वन्सं, धावा!”

नणंद आली ती हसतच. “वहिनी, अडल्याशिवाय मला ‘वन्सं’ म्हणत नाहीस तू. सॉफ्टवेअर बंद केलंस का?”

“छे गं, हातच लावला नाही भीतीने.”

“मग रडतेस कशाला? सकाळी चालवला होतास ना प्रोग्राम? चालवलेली ओळन् ओळ लॉगमध्ये उतरलेली असते.”

तिने लॉगची खिडकी उघडली. सगळा प्रोग्राम तिथे होता. फक्त प्रत्येक ओळीआधी क्रमांक चिकटला होता आणि मध्येमध्ये निळ्या अक्षरांत सॉफ्टवेअरची बडबड होती. ती आकडेबाईंनी कधीच वाचली नव्हती. लाल काही दिसलं तरच लॉगकडे बघायचं, हा या धंद्यातला सगळ्यांचाच आळस.

आकडेबाईंचा जीव भांड्यात पडला. नणंद एकेक ओळ मोठ्याने वाचू लागली आणि त्या क्रमांक काढून ती नव्या फाइलमध्ये टाकू लागल्या.

“वय शून्यापेक्षा कमी असेल तर नोंद वगळा,” नणंदेने वाचलं आणि ती फिसकन हसली. “शून्यापेक्षा कमी? कोण गं ही, अजून जन्मालाच न आलेली मंडळी?”

“अगं, टायपिंगच्या चुका असतात तशा. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचा अभ्यास केला होता ना, त्यातली ओळ ती. एका आजोबांचं वय उणे सत्तर...”

आकडेबाई मध्येच थांबल्या.

बाळांचा प्रोग्राम तरी कुठे कोऱ्या पानावर लिहिला होता? तो गुडघ्यांच्या प्रोग्रामवरून केला होता. आणि मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचं वय या अभ्यासात जन्मापासून नव्हे, मुदत पूर्ण होण्याच्या तारखेपासून मोजलं होतं. ती तारीख उजाडेपर्यंत बाळाचं वय उणेच असतं.

“त्याच्याखाली निळ्यात काय लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

“निम्म्याहून जास्त नोंदी वगळल्या म्हणतंय.”

आकडेबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी ती ओळ काढून टाकली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. पडद्यावर बाळांच्या वजनाचा आलेख आला. इतके दिवस एकमेकींना चिकटून चालणाऱ्या दोन रेघा आता एकमेकींपासून चांगल्याच दूर गेल्या होत्या.

“वरची रेघ कोणाची?” नणंदेने विचारलं.

“नर्स ज्यांच्या घरी गेली त्यांची.” आकडेबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी नणंदेचा गालगुच्चाच घेतला.

तेवढ्यात प्रोग्राम गेल्याचं ऐकून डॉक्टर दारात आले. “मिळाला का प्रोग्राम? नसेल तर राहू द्या. निकाल काही बदलणार नाही.”

“प्रोग्राम मिळाला, डॉक्टर,” आकडेबाई म्हणाल्या, “आणि आपली सगळ्यात लहान बाळंही मिळाली.”