चेरीचं सरबत

तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमध्ये कुलदीपचं तोंड उगवलं, तेव्हा गीताबाई उद्याच्या बाजारासाठी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होत्या. समोर महादेवराव पाण्याचा हबका मारून एकेक जुडी टोपल्यात रचत होते. पोरगं परदेशात गेलं हे वडनेरात घरोघरी सांगून झालं होतं. आता त्यांना तो ज्या जत्रेला गेला होता ती डोळ्यांनी पाहायची होती.

"दाखव बरं," ते म्हणाले.

कुलदीपनं फोन गोल फिरवला. बेल्जियममधलं कुठलंसं लांबलचक गोदाम, जिकडेतिकडे दुकानं, प्रत्येक दुकानाला नळ, आणि नळाखाली धरलेले ग्लास एवढेसे, की त्यात चहा दिला तर पाहुणा रुसून जावा. कुलदीपसोबत त्याची पुण्याची मंडळी होती. वर्षभर सुट्ट्या राखून आलेली. एक ग्लास घ्यायचा, उजेडाला धरायचा, हुंगायचा, घोटभर तोंडात घोळवायचा, मग त्यावर भांडायचं आणि पुढच्या नळाशी जायचं, असं त्यांचं चाललं होतं.

महादेवरावांना ही सरबतांची जत्रा म्हणून सांगितलेली होती. गीताबाईंना खरं ठाऊक होतं. जायच्या आधी कुलदीपनं त्यांना फोनवर कबूल केलं होतं, की बिअरची आहे, पण दारू वेगळी अन् बिअर वेगळी, इथं लोक पिऊन पडायला नाही, चव ओळखायला येतात. "रेडा म्हन का हल्या म्हन, जनावर एकच," त्या म्हणाल्या होत्या, "बाबाले मात्र सरबतच सांग."

कारण महादेवराव एकेकाळी पिणारे. माळ घातली तेव्हा कुलदीप बोबडं बोलत होता. त्यानंतर थेंब नाही. गावात कोणी दारूतून सुटायचं म्हणून त्यांच्याकडं येऊन बसला, की ते त्याला एकच गोष्ट सांगायचे, "माह्या पोरानं मले पेलेला कधी पाह्यला नाही. तुह्या पोरानं पाहाच्या आधी सोड." जमीन, विहीर, कुलदीपची नोकरी, कशाचीच फुशारकी त्यांनी कधी मारली नाही. एवढीच मारायचे.

फोन आता समता नावाच्या मुलीनं हातात घेतला होता. "काकू, आमच्या सगळ्यांत नाक याचंच," ती म्हणाली. "हा काय सांगतो ते ऐका."

कुलदीपनं डोळे मिटून ग्लास हुंगला. "भिजलेला कडबा," तो म्हणाला. "अन् बैलाची झूल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची." मंडळींनी टाळ्या पिटल्या.

"झुलीचा वास?" महादेवरावांनी बायकोकडं पाहिलं. "मंग नासलं ना थे."

"तिकडचं पानीच तसं असन," गीताबाई म्हणाल्या आणि गाठ मारली.

मग लाल ग्लास आला. हे चेरीचं, बाबा, असं म्हणून कुलदीपनं तो फोनसमोर धरला. त्याच्या मागं सगळ्यांनी आपापले ग्लास बाबांच्या नावानं उंच केले. कुलदीप हसत होता, कोणाशी तरी बोलत होता. बोलता बोलता त्यानं करंगळीशेजारचं बोट ग्लासात बुडवलं, दोनदा खाली झटकलं, ते ओलं बोट उजव्या कानामागं पुसलं, आणि मग घोट घेतला.

थेंब शिंपडणारे गावात पुष्कळ. बाटली उघडली की पहिला मान जमिनीचा, मग आपला. सरबताला तो मान कोणी देत नाही. पण शिंपडल्यावर बोट कानामागं पुसणारा वडनेरात एकच माणूस होऊन गेला होता, आणि तो समोर बसून जुड्या रचत होता.

गीताबाईंचा कोपर तांब्याला लागला. फोन पालथा पडला.

"पडला वाटते," त्या म्हणाल्या. उचलला मात्र नाही.

महादेवरावांनी हातातल्या जुडीची गाठ चाचपली. बांधलेलीच होती. ती सोडून त्यांनी पुन्हा बांधली.

"कुलदीपची माय."

"हं."

"त्या वक्ती मी बाटली घेऊन आलो का तू सांगे, पोरगं झोपेल हाय म्हनून."

"झोपेलच राहे," गीताबाई म्हणाल्या.

वर न पाहता म्हणाल्या. भिंतीकडच्या गोधडीत त्या पोराला पोटाशी धरून पडायच्या आणि त्याच्या डोळ्यांवर हात ठेवायच्या. तळहाताला त्याच्या पापण्यांची फडफड लागायची. बोटांमधल्या फटी तेवढ्या त्यांना कधी बुजवता आल्या नाहीत.

पालथ्या फोनमधून आवाज आला. "माय? बाबा? निरा अंधार दिसून राह्यला. हाये का तुमी?"

महादेवरावांनी फोन उचलला, बाहीनं काच पुसली आणि जरा लांब धरून पोराकडं पाहिलं.

"हाओत इथंच," ते म्हणाले. "गोड हाये का रे सरबत?"

कुलदीपनं ग्लासकडं पाहिलं. "नाही बाबा. आंबट हाये."

"असू दे. सावकाश पे."

त्यांनी फोन पुन्हा तांब्याला टेकवला. सांबाराचं पाणी बोटांवरून निथळत होतं. तो ओला हात आपसूक उजव्या कानाकडं निघाला, आणि अर्ध्या वाटेत थांबला.

गीताबाईंनी त्या हातात पुढची जुडी ठेवली.