मोठ्या दातांचं पुस्तक

‘खगोलशास्त्र’ लिहिलेली चिठ्ठी वाचनालयाच्या बाईंनी पुस्तकांच्या टोपलीवरून काढली आणि शिपाईमामांकडे बघितलं.

“हे मुलं काय म्हणून मागतात?”

“ग्रहांचं द्या म्हणतात. आणि दोघं-तिघं आहेत, त्यांना नुसतं रॉकेट लागतं.”

बाईंनी नवीन चिठ्ठीवर ‘ग्रह आणि रॉकेट’ लिहिलं. वाचता न येणाऱ्यांसाठी खाली रॉकेटचं चित्र काढलं.

“वांगं आलंय,” मामा म्हणाले.

“असू दे. आमच्याकडे वांगी उडतात. पुढचं सांगा. मानवी शरीर?”

“आतडी.”

“सरपटणारे प्राणी?”

“साप. पाल आहे त्यात, पण पाल कुणी मागत नाही.”

सकाळपासून हेच चाललं होतं. आतापर्यंत शाळेच्या वाचनालयात माहितीची पुस्तकं उंच कपाटात उभी असायची, पाठीवर आकडे चिकटवलेले. मासे म्हणजे पाचशे सत्त्याण्णव. सहा-सात वर्षांच्या पोरांना ते कुठलं कळायला? मुलं कपाटाकडे बघायचीच नाहीत. दारातल्या शिपाईमामांकडे बघायची. “मामा, साप.” की मामांचा हात बरोबर सापावर. बावीस वर्षं. घंटा, पाण्याची टाकी, वर्गांच्या किल्ल्या, सगळं मामांकडेच होतं, पण मधल्या सुट्टीत ते वाचनालयाच्या दारातून हलायचे नाहीत.

आता पुस्तकं खाली आली होती. मुलांच्या कमरेइतक्या उंचीवर टोपल्या, प्रत्येक पुस्तकाचं तोंड पुढे.

“बघा मामा, आता मुलं आपली आपण शोधतील. तुम्हालाही पळापळ नको.” बाई हे आठव्यांदा म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

“हो ना,” मामा म्हणाले आणि आधीच सरळ असलेला गठ्ठा सरळ करायला लागले.

बाई हाताचा डिंक धुवायला गेल्या. मामांनी शार्कच्या टोपलीतून एक पुस्तक उचललं. सगळ्यात जास्त मागितलं जाणारं. शाळेत त्याला ‘मोठ्या दातांचं’ म्हणायचे. तीनदा पाठ निखळली होती, तिन्ही वेळा मामांनीच चिकटवली होती. ते त्यांनी कपाटावर ठेवलं, पृथ्वीगोलाच्या मागे. पूर्वी ते तिथंच असायचं. पण सवयीनं नाही ठेवलं. मुद्दाम ठेवलं.

मग दुसरीचा वर्ग आला.

अठ्ठावीस मुलं. पहिली पाच मिनिटं नुसता गलका, मग एकेक जण खाली बसत गेला. दोघं आतडी उघडून उकिडवे बसले आणि खिदळायला लागले. एकीनं चार पुस्तकं चाळली, चारही परत ठेवली आणि पाचवं घट्ट धरलं. बाई टोपल्यांमधून फिरत होत्या, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

“मामा” असं कुणीच म्हणालं नाही. ते दाराला टेकून उभे होते. घड्याळात बघितलं. परत बघितलं.

त्यांच्यातली एक, वटवट, थेट शार्कच्या टोपलीशी गेली होती. हे तिचं नाव मामांनीच ठेवलेलं, कारण तोंडाला कुलूप नाही. तिनं टोपली पुढून मागे बघितली. मागून पुढे बघितली. मग वळली.

“मामा, मोठ्या दातांचं कुठंय?”

मामा ताठ झाले. हात कपाटाकडे गेलासुद्धा.

“चिठ्ठीवर शार्क आहे,” वटवट म्हणाली. “म्हणजे इथंच असणार. बाकी सगळ्यांना सापडलं.” तिनं टोपलीतून हात काढून घेतले. “मला नाही शोधता येत. तुम्हीच द्या.”

मामांचा हात तिथंच थांबला.

“देतो,” ते म्हणाले. “त्याआधी एक काम कर. त्या ग्रहांच्या टोपलीवर वांगं काढलंय. का काढलंय ते बघून ये.”

ती धावली. मामांनी कपाटावरून पुस्तक काढलं, शर्टाला पुसलं आणि टोपलीत ठेवलं. पुढे ठेवलं, मग काढून मागून तिसरं ठेवलं. अगदी आयतं नको.

“ते रॉकेट आहे, मामा.”

“असेल. आता इथं परत बघ. सावकाश. तुझं सगळंच घाईचं.”

वटवटनं एकेक पुस्तक पुढे ढकललं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मामांनी तिला एवढं गप्प कधी बघितलं नव्हतं. मग तिचे हात थांबले.

“सापडलं,” ती म्हणाली. आधी हळू. मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं, “मला सापडलं. माझं मला.”

“कुठं होतं गं?”

“इथंच. मागं. तुम्हाला माहीत नव्हतं?”

“नाही बुवा.”

वटवटनं त्यांच्याकडे बघितलं. बिचाऱ्याकडे बघतात तसं. पुस्तक काखेत मारलं आणि त्यांचं बोट धरलं.

“चला. कुठं काय आहे ते दाखवते तुम्हाला. नाहीतर उद्या कुणी विचारलं तर काय सांगाल?”

पहिल्या टोपलीशी ती थांबली. “हे साप. आत पाल पण आहे, पण ती कुणी घेत नाही.”

“असं होय.”

“हो. लक्षात ठेवा.”

मामा गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि पुढच्या टोपलीत डोकावले.

“आणि ह्याच्यात काय असतं?”