गैरहजेरीची चाचणी

खोलीत माणसं तीन होती, मोजायची दोनच. टेबलावर इन्सुलिनचं एक पेन, एक नवी सुई, कापसाचे दोन बोळे. टेबलाशी आई आणि वडील. दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन, मुलगी. आज दुपारपर्यंत ती घरात नाही, असं तिघांनी मिळून ठरवलं होतं.

"पडदा ओढ गं जरा, डोळ्यांवर ऊन येतंय," वडील म्हणाले.

"कुणाला सांगताय? ती गेलीय." आई स्वतः उठली आणि भिंत चाचपत पडद्यापर्यंत गेली.

"मग खुर्चीत कोण बसलंय?"

"भूत. भुताशी बोलू नका."

वडील हसले. मुलीने हसू दाबलं. नसलेलं माणूस हसत नाही.

अर्जाचा आज शेवटचा दिवस होता. एक सत्र, दुसऱ्या शहरातली प्रयोगशाळा, पाण्यातलं शिसं मोजायचं काम. सगळे रकाने भरून झाले होते, एक सोडून. 'तुम्ही नसताना घरी कुणाची देखभाल अडेल का?' हो किंवा नाही. 'नाही' लिहायचं तर ते खरं हवं, आणि खरं आहे का हे करून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. अट तिनेच घातली होती: मी बोलणार नाही, कशाला हात लावणार नाही.

वडिलांची नजर शाबूत होती, पण हात इतके थरथरत की पेन धरवत नसे. आईचे हात स्थिर, पण तिला समोरचं सगळं धुरकट दिसायचं. "दोघांत मिळून एक धड माणूस होतं की," असं वडील हल्ली येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आईने पेनचं टोक फिरवत आवाज मोजायचे, एका 'टक'ला एक युनिट. वडिलांनी पेनच्या छोट्या खिडकीतला आकडा वाचायचा. मग टोचायचं. डोस चौदाचा.

आई मोजू लागली. नवावर फोन वाजला. मावशी.

"अगं, ह्यांना टोचतेय, नंतर करते. नाही गं, ती गेलीय. म्हणजे इथेच आहे, पण गेलीय. तुला नाही कळायचं. ठेव." आईने पेन पुन्हा उचललं. "कुठे होते मी?"

"मला काय विचारतेस? मोजणारी तू."

"जाऊ दे. पहिल्यापासून."

तिने टोक मागे फिरवून शून्यावर आणलं नाही. होतं तिथूनच पुढे फिरवलं. एक, दोन, तीन. चौदाला थांबली.

मुलीची बेरीज आपोआप झाली. तेवीस. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आकडा वाचायला वडील होते. चाचणी तीच तर होती.

वडिलांनी आईचा हात धरून पेन डोळ्यांजवळ ओढलं. दोन अंक वाचायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ ते पाहत राहिले. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं, तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे पाहिलं, आणि शर्ट वर केला.

"चौदा. बरोबर आहे. टोच."

आईने टोचलं, कापूस दाबला. "जमलं की नाही? उगाच घाबरवून सोडलं होतं पोरीने."

कान चुकू शकतो, मुलीने स्वतःला सांगितलं. मोजमाप एकदाच केलेलं, तेही लांबून, ऐकून. खिडकीतला आकडा जास्त खात्रीचा. तिने उद्देशाचा परिच्छेद उघडला आणि पुन्हा वाचायला घेतला. एक स्वल्पविराम काढला. परत घातला.

आई स्वयंपाकघरात गेली. भांडी वाजू लागली.

"अगं ए," वडील म्हणाले, "आज चहात साखर घाल. चांगली दोन चमचे."

"वेड लागलंय का?"

"ओरडणारी गेलीय ना. आजचा दिवस चालतंय."

"ती गेली म्हणून मी मेले नाही अजून. बिनसाखरेचाच मिळेल."

"मग ब्रेड तरी आण लवकर."

"अर्धा तास व्हायचाय. डॉक्टरांनी सांगितलंय ना, टोचल्यावर अर्धा तास थांबायचं. गप बसा जरा."

वडिलांना चहात साखर कधीच आवडायची नाही. आजार नव्हता तेव्हाही.

मुलगी स्क्रीनकडे पाहत राहिली. वीस-पंचवीस मिनिटं गेली. मग तिने 'नाही'वर खूण केली आणि अर्ज पाठवला. पांढऱ्या पानाच्या मधोमध एक गोल फिरू लागला.

"गेला का?" वडिलांनी हळूच विचारलं.

"कुणाशी बोलताय?" आतून आई.

"कुणाशी नाही."

गोल फिरत होता. वडिलांच्या कपाळावर घाम आला होता, गळ्याशी शर्ट ओला झाला होता. टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली, आणि टेबल थरथरू लागलं. मुलगी खुर्चीतच होती. उठताना लॅपटॉप मिटावा लागला असता.

'तुमचा अर्ज मिळाला आहे.'

ती उठली. खणातून साखर तपासायचं यंत्र काढलं, पट्टी बसवली, वडिलांचं बोट धरलं. ते गार आणि ओलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण ओळखल्यासारखं नाही.

"आई, साखरेचा डबा आण. पळ."

आई दारात आली, हातात रिकामी बशी. "बोललीस कशाला गं? सगळं नीट चाललं होतं. आता ही चाचणी धरायची की नाही?"

सत्तरच्या खाली धोका असतो, हे घरात तिघांनाही पाठ होतं. मुलीने बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीला लावला. यंत्राने पाच सेकंद घेतले. आकडा आला: एकेचाळीस.