उलट लागलेली लेबलं

ब्रिस्बेनच्या कारखान्यात चेहऱ्याचं एक क्रीम बायकांना नि पुरुषांना तेच, फक्त लेबलं दोन. ती लावणाऱ्या नरेलच्या हातून त्यांची अदलाबदल झाली. बायकांचं पुरुषांना गेलं, पुरुषांचं बायकांना.

"मेलीस तू!" मालक गॅव्हिन गरजला. "ऊसवाले, खाणीवाले, फुटबॉलवाले, सगळे शिव्या घालतायत. 'सुरकुत्या लपवा, पुन्हा कुणाला तरी आवडाल' असं बाप्यांना सांगतात होय?"

"आणि बायका?"

"त्यांच्या ट्यूबवर छापलंय, 'चेहरा झकास आहे, फक्त उन्हात जपा.' तीन दिवसांत सगळा माल संपला."

"मग माझी नोकरी राहिली ना?"

"वेडी आहेस का? चेहरा झकास आहे हे त्यांना खरंच पटलं, तर आपली बाकीची सतरा क्रीमं कोण घेणार?"